कमरेखालपर्यंतच्या केसांचा अंबाडा दिवसभर टिकत नाही, मदत हवी आहे

माझे केस कमरेच्याही खाली आहेत, सरळ आणि दाट. कापायचे नाहीत हे आधीच सांगते, कारण असं काही विचारलं की पहिला सल्ला तोच येतो. कामावर मोकळे सोडता येत नाहीत, वेणी घातली तर ती सारखी पुढे येते, खुर्चीत अडकते. म्हणून रोज अंबाडाच घालते.

सकाळी नीट बसलेला अंबाडा दुपारपर्यंत मानेवर उतरतो. घसरू नये म्हणून आवळून बांधला तर डोकं दुखायला लागतं आणि सोडल्यावरही केसांची मुळं दुखत राहतात. सध्याची पद्धत अशी: उंच पोनीटेल बांधायचं, सगळ्या केसांना पीळ देऊन रबरभोवती गुंडाळायचं, वरून दुसरं रबर आणि जमतील तेवढ्या साध्या काळ्या पिना. पिना हळूहळू वर सरकतात आणि निघतात. डोनटही (अंबाड्याच्या आत बसवायची जाड गोल कडी) लावून पाहिला. त्याने अंबाडा आणखी मोठा झाला आणि लवकर कलंडला. केस धुतलेल्या दिवशी तर काहीच धरत नाही.

यू पिना किंवा लाकडी काडी एवढं वजन खरंच पेलते का? पेलत असेल तर ती घालायची कशी, हे कुणी शब्दांत सांगू शकेल का? व्हिडिओत हात इतके भराभर फिरतात की नेमकी काडी आत कुठून जाते तेच कळत नाही. आणखी एक काळजी आहे. कानशिलांजवळचे केस विरळ वाटायला लागलेत. हे अंबाड्यामुळे असेल का?

*

माझे केसही जवळपास एवढेच आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कानशिलांचं. रोज एकाच जागी ताण पडला की तिथले केस विरळ होऊ शकतात. सुरुवातीलाच ताण थांबवला तर ते बहुधा परत येतात, पण वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मुळं कायमची जाऊ शकतात. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच आणि उंच, आवळलेला अंबाडा आजपासून बंद करा. जागाही बदलत राहा, कधी मानेजवळ, कधी मध्यावर.

डोनट लांब दाट केसांना नकोच. तो विरळ केसांचा अंबाडा मोठा दिसावा म्हणून असतो. तुम्हाला उलट हवंय: वजन डोक्याला चिकटून, पसरून बसायला हवं. जितका अंबाडा बाहेर येईल तितका तो खाली ओढतो. म्हणून सैलसर पोनीटेलचे दोन भाग करा, दोन्हींच्या वेण्या घाला. एक वेणी रबरभोवती चपटी फिरवून पिना लावा, मग दुसरी उलट दिशेने तिच्या बाहेरून. वेणीत केस एकमेकांना धरून राहतात, नुसत्या पिळासारखे उलगडत नाहीत.

आता यू पिन. ती सरळ खुपसली तर निघणारच. अंबाड्याच्या कडेशी पिनेची टोकं बाहेरच्या दिशेला ठेवून अंबाड्याच्या बाहेरच्या पेडातले थोडे केस आणि लगतचे डोक्यावरचे थोडे केस उचला. मग पिन उलटी फिरवा आणि टाळूला घासत अंबाड्याच्या मधल्या भागाकडे सरकवा. टाका घातल्यासारखी ती अडकते. अशा चार बाजूंनी चार पुरतात. काडीचंही तत्त्व हेच: कडेचे केस, त्याखालचे डोक्यावरचे केस, मग काडी पलटून अंबाड्याखालून पलीकडे. नीट बसली तर काडी हलत नाही आणि डोकंही दुखत नाही. टोचत असेल तर काढून पुन्हा घाला, सहन करू नका.

साध्या पिनांची नागमोडी बाजू टाळूकडे हवी. बहुतेक जणी उलट लावतात. दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावल्या की त्या सहज सरकत नाहीत.

धुतल्यावर लगेच केस गुळगुळीत असतात, त्या दिवशी वेणी बरी. कंडिशनर फक्त टोकांना लावा.

*

वरचं सगळं पटलं. एकच भर घालते: ओल्या केसांचा अंबाडा घालू नका. ओले केस जास्त ताणले जातात, लवकर तुटतात, आणि वाळताना अंबाडा सैलही पडतो. मानेवरचे आखूड केस आवळून वर घ्यायचा प्रयत्न सोडा. बोटावर थोडंसं जेल घेऊन वरच्या दिशेने फिरवा आणि आडवी छोटी पिन लावा.

*

दोघींचे खूप आभार. टाक्यासारखी यू पिन आत्ताच घालून पाहिली, पहिल्यांदाच मान हलवताना अंबाडा जागचा हलला नाही. डॉक्टरांची वेळ घेते. काडी घ्यायची तर केवढ्या लांबीची घेऊ? अंबाडा मुठीहून बराच मोठा होतो.

*

अंबाड्याच्या रुंदीपेक्षा दोन-तीन बोटं जास्त. टोक बोथट आणि गुळगुळीत आहे ना हे बोट फिरवून बघून घ्या, खरखरीत लाकडात केस अडकून तुटतात. दोन दातांचा काटा मिळाला तर आधी तोच घ्या, सुरुवातीला एका काडीपेक्षा तो सोपा जातो.