जुन्या काळ्या मशीनवर नऊवारीची गोधडी: टाके सुटतात, खाली गुंता होतो

सातारकरीण:

नमस्कार. आईच्या सहा सुती नऊवारी साड्या माझ्याकडे आहेत आणि त्यांतून आम्हा तिघा भावंडांसाठी प्रत्येकी एक गोधडी शिवावी, असे मनात आहे. घरी आजीच्या काळापासूनचे, पायाने चालवायचे काळे शिलाई मशीन आहे. परकर, पिशव्या, उशांचे अभ्रे त्यावर आजही बिनतक्रार शिवून होतात. गोधडीपुढे मात्र ते हात टेकते. दोन साड्यांच्या चौपदरी घड्या एकावर एक ठेवल्या, भोवतीने टाचण्या लावल्या आणि कडेपासून टीप मारायला घेतली, तर वीतभर अंतरातच वरून टाके सुटू लागले आणि उलट्या बाजूला दोऱ्याचा गुंता जमला. वरचा ताण घट्ट केल्यावर दोराच तुटू लागला. शिवाय वरचे कापड पुढे पुढे सरकत गेले आणि कोपऱ्याशी चार बोटे झोळ साठला.

जवळच्या दुकानात मशीन दाखवले, तेव्हा ‘याला मोटर लावा, नाहीतर नवे घ्या’ एवढेच सांगण्यात आले. दोष मशीनमध्ये आहे की माझ्या पद्धतीत, हे मला समजून घ्यायचे आहे. तसेच घरच्या घरी मशीन उघडून साफ करता येते का आणि तेल कोणते घालावे, हेही कृपया सांगावे.

निवृत्त फिटर:

ताई, परकर व्यवस्थित शिवला जातो याचा अर्थ मशीन ठणठणीत आहे. मोटरने चाक जोरात फिरेल. टाका पडण्याशी तिचा संबंध नाही.

टाका पडतो कसा, हे एकदा लक्षात घेतले की अर्ध्या तक्रारी आपल्या आपणच उलगडतात. सुई तळाशी जाऊन किंचित वर उठू लागते, त्या क्षणी तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो आणि खाली फिरणाऱ्या शटलचे टोक तो फास पकडून खालच्या दोऱ्याभोवती फिरवते. कापड जाड असेल आणि सुई बारीक असेल, तर सुई कापडात वाकते, फास जागेवर मिळत नाही आणि टाका सुटतो. रोजच्या शिवणाला ११ किंवा १४ नंबरची सुई चालते. गोधडीला १६ नंबरची, आणि थर फारच झाले तर १८ नंबरची घ्यावी. सुई नवी असावी, कारण टाचणीवर एकदा आपटलेली सुई डोळ्यांना सरळ दिसली तरी तिचे टोक बोथटलेले असते. ती दांड्यात पूर्ण वरपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळावा. दोरा कोणत्या बाजूने ओवायचा याचा गोंधळ होत असेल, तर सुईवरून नख फिरवावे. ज्या अंगाला लांब खोबण लागते, त्याच अंगाने दोरा आत जातो.

आता गुंत्याविषयी. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिन केसच्या, म्हणजे खालचा दोरा असलेल्या डबीच्या, स्क्रूमागे लागतात, पण दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. दाब, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना दोरा ओवला, तर तो ताणाच्या दोन चकत्यांच्या मध्ये नीट बसत नाही. म्हणून दाब उचलून दोरा ओवावा आणि शिवताना खाली सोडावा. चकत्यांच्या मध्ये जुन्या दोऱ्याचा तुकडा किंवा लव अडकलेली असते, ती सुती कापडाची घडी मधून ओढून काढावी. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोके पहिले तीन-चार टाके हातात धरून ठेवावीत. एवढ्यानेच पुष्कळ गुंते होत नाहीत. ताण तपासायचा तो गोधडीवर नव्हे, तर तितक्याच थरांच्या चिंधीवर. खालचा दोरा वर डोकावत असेल तर वरचा ताण सैल करावा. वरच्या दोऱ्याच्या कड्या खाली लोंबत असतील तर घट्ट करावा.

घरी मशीन अवश्य उघडावे, पण आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. बॉबिन केस काढावी, शटलला धरून ठेवणारी कडी सोडवून शटल बाहेर घ्यावे आणि आतली लव ब्रशने झाडावी. फुंकर मारू नये, कारण तोंडातला दमटपणा आत जातो. दात्यांच्या फटींमध्ये लवीचा नमदा दडपून बसलेला असतो. सुईखालची पत्री उघडून तो टोचणीने उकरावा, म्हणजे दाते पूर्ण वर येऊन कापड ओढू लागतात.

तेल शिलाई मशीनचेच, पातळ आणि पाण्यासारखे स्वच्छ असावे. आमच्याकडे येणाऱ्या दहा जाम मशीनांपैकी निम्म्यांत खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल निघायचे. खाद्यतेल काही महिन्यांत डिंकासारखे चिकट होते आणि चाक हलेनासे होते. तसे झाले असेल, तर सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडून, जवळपास ज्योत वा ठिणगी नाही याची खात्री करून, चाक हाताने सावकाश फिरवावे. रॉकेल पुसून टाकल्यावर मगच मशीनचे तेल द्यावे. जिथे लोखंड लोखंडावर फिरते तिथे एकेक थेंब पुरतो. खालचा पायटा आणि त्याचे सांधे सगळे विसरतात; त्यांनाही तेल हवे असते. चामड्याचा पट्टा सैल होऊन घसरत असेल, तर बोटभर कापून पुन्हा क्लिप लावावी. पट्ट्याला मात्र तेल लागू देऊ नये.

धावदोरा:

फिटरकाकांनी मशीनचे सांगितले, मी कापडाचे सांगते. सातारकरीणताई, तुमचा हिशेब पाहा. नऊवारी साडी साधारण सव्वाआठ मीटर लांब असते. तिची चौपदरी घडी घातली की सुमारे दोन मीटर लांबीचे चार थर होतात. तुम्ही अशा दोन घड्या एकावर एक ठेवल्यात, म्हणजे आठ थर झाले. शिवाय घडीच्या जागी काठावर काठ येतो आणि विणीचा काठ साडीच्या अंगापेक्षा जाड असतो. आठ थरांची वाकळ आमच्या आज्या हातानेच शिवत, जाड दोऱ्याने आणि लांब सुईने. घरगुती मशीनवर चार थर सहज जातात, पाच चालतात. त्यापुढे मशीनचा आणि आपलाही जीव मेटाकुटीला येतो.

दुसरी गोष्ट दिशेची. हाताने शिवताना गोधडी जमिनीवर अंथरलेली असते, थर जागचे हलत नाहीत, म्हणून कडेने सुरुवात करून आत आत फिरत जाता येते. कर्नाटकात, उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी समाजाच्या स्त्रियाही त्यांची कवंदी, म्हणजे तिथली गोधडी, अशीच कडेकडून मध्याकडे शिवत नेतात. मशीनवर हा क्रम उलटा ठेवावा लागतो. दाते खालचे कापड ओढतात, दाब वरचे कापड अडवून धरतो, आणि त्या ओढाताणीतला फरक झोळ होऊन पुढे सरकत राहतो. कडेने शिवत मध्याकडे आलात तर त्या झोळाला बाहेर पडायला वाट उरत नाही. म्हणून मधली उभी टीप आधी मारावी, मग तिच्या एका अंगाला, मग दुसऱ्या अंगाला, असे कडांकडे जावे.

टाचण्यांवर विसंबू नये. फरशीवर साडी ताणून अंथरावी, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवावे आणि हातभर अंतरावर उभे-आडवे कच्चे टाके घालावेत. हे काम कंटाळवाणे आहे आणि कंबर धरते, पण ज्या गोधडीचे कच्चे टाके मी टाळले ती प्रत्येक वेळी उसवावी लागली. दाबाच्या दांड्याच्या माथ्यावर त्याचा जोर कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो, तो थोडा सैल करावा. दाबाच्या जागी लावायचा वॉकिंग फूट मिळाला तर उत्तमच, कारण त्याला स्वतःचे दाते असतात आणि तो वरचे कापडही खालच्याबरोबर चालवतो. मात्र आखूड दांड्याच्या मशीनचा मागून घ्यावा.

टाका लांब ठेवावा, इंचाला सहा ते आठ. जुन्या साडीचे सूत विरलेले असते. बारीक टाक्यांची टीप मारली, तर भोकांची रांग तयार होऊन तिथूनच कापड फाटते. साड्या आधी गरम पाण्यात धुऊन वाळवून घ्याव्यात आणि उजेडासमोर धरून पाहाव्यात. जिथे जाळी पडली असेल तो भाग आतल्या थरात जाईल अशी घडी घालावी. दोरासुद्धा तपासावा. आजीच्या डब्यातली रिळे पाहून मोह होतो, पण जुना सुती दोरा कुजलेला असतो. हाताने झटका दिल्यावर चटकन तुटला, तर तो कच्च्या टाक्यांनाच ठेवावा.

डोंबिवलीकर:

मोटरचा अनुभव सांगतो. मी लावून घेतली होती. साध्या शिवणाला वेग छान मिळाला, परंतु गोधडीच्या जाड जागी सावकाश चालवायला गेलो की ती नुसती गुरगुरायची, तापायची आणि मग एकदम उसळी घ्यायची. दोन सुया तुटल्यावर पट्टा परत पायट्याला जोडला. जाड सांध्यावरून जाताना चाक हाताने फिरवणे हाच उपाय मला मानवला.

सातारकरीण:

सर्वांचे आभार. सुईखालची पत्री उघडली, तर दात्यांमधून करड्या रंगाची, जवळजवळ कापडासारखी घट्ट झालेली लव निघाली. ताणाच्या चकत्यांत लाल दोऱ्याचा तुकडा होता. लाल दोऱ्याने या घरात शेवटचे कधी शिवले, हे कोणालाच आठवेना. १६ नंबरची सुई लावून, एकाच साडीचे चार थर कच्च्या टाक्यांनी जोडून मधून बाहेर शिवत गेले आणि काल पहिली गोधडी पुरी झाली. शेवटच्या दोन टिपांत किंचित चुणी आली आहे, ती तशीच ठेवली. आता हिच्यासकट तीन साड्यांच्या तीन पातळ गोधड्या मशीनवर करीन. उरलेल्या तीन साड्यांपैकी दोन एकत्र घेऊन आठ थरांची एक वाकळ हाताने शिवायला घेईन; ती कोणाकडे जाईल, यावर भावंडांत आत्ताच बोलणे सुरू झाले आहे.

एक चूक झाली. तेल घातल्यावर चिंधीवर शिवून पाहायचे राहिले आणि सुईच्या दांड्यावरून आलेला थेंब फिक्या साडीवर पडला. डाग कसा काढावा?

धावदोरा:

इस्त्री मुळीच फिरवू नका, तेल पक्के बसते. डागाखाली जुने फडके ठेवून वरून टाल्कम पावडर दाबून लावा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी झटकून, भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब उलट्या बाजूने चोळा आणि कोमट पाण्याने धुवा. डाग फिका दिसला तरी पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवू नका. हेच पुन्हा एकदा करा.

निवृत्त फिटर:

आणि यापुढे काम संपले की दाबाखाली सुती चिंधी ठेवून दाब खाली सोडत जा. रात्रीतून ओघळणारे तेल ती टिपून घेते.