मोकळ्या समुद्रातले स्पिनर डॉल्फिन: तुमचे अनुभव लिहा

तारकर्ली-दापोलीला आपण बघतो ते बहुतेक हम्पबॅक जातीचे डॉल्फिन, जरा पाठ दाखवली की गुडुप. स्पिनरचं प्रकरण वेगळं, लांब चोच, आणि पाण्याबाहेर उडी मारून स्वतःभोवती गिरक्या, एका उडीत सातपर्यंतसुद्धा. कुणी बघितलेत? कुठे, कधी, बोटवाला कसा होता, सगळं येऊ द्या.

खारावारा: श्रीलंकेत, कल्पिटियाला. सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, नंतर वाऱ्यामुळे समुद्र खवळलेला असतो. सकाळी लवकर निघालो, बराच वेळ काहीच नाही, मग लांबवर पांढरा फेस दिसला, म्हटलं लाटा फुटतायत, जवळ गेलो तर सगळे डॉल्फिनच, कितीतरी! एक पिल्लू आईला चिकटून पोहत होतं, त्यानेही उडी मारली पण गिरकी अर्धीच जमली आणि धप्पकन कुशीवर आपटलं. बोटीत बसायला कुरकुरणाऱ्या आमच्या सासूबाई त्यालाच "परत मार रे" म्हणून ओरडत होत्या :D मग बाकीच्या बोटी आल्या, इंजिनं फुल करून थेट कळपात घुसल्या आणि पाच मिनिटांत सगळे गायब. फार राग आला.

मोगरा_७: हवाईत बिग आयलंडला किनाऱ्यावरूनच बघितले, केआलाकेकुआ बे. रात्रभर खोल पाण्यात मासे, स्क्विड खायचे आणि दिवसा उथळ खाडीत विश्रांती असा त्यांचा दिनक्रम, म्हणून तर 2021 पासून तिथे डॉल्फिनपासून 50 यार्डाच्या आत जायला बंदी आहे, पोहतही नाही. दुर्बीण मात्र न्याच, आम्ही नवऱ्याशी भांडून नेली होती.

डेकवरचा: लक्षद्वीप! कोचीहून जहाजाने जाताना पहाटे डेकवर उभा होतो, खाली बघतो तर जहाजाच्या टोकापुढच्या लाटेवर स्वार होऊन चाललेत. पाठ गडद, कडेला फिकट राखाडी पट्टा, पोट पांढरं, वरून मस्त दिसतं. पैसे फक्त तिकिटाचे, डॉल्फिन फुकट :)

शंकासुर: पण गिरक्या मारतात कशाला?

खारावारा: @शंकासुर, अंगाला चिकटलेले रेमोरा मासे झटकायला असं एक मत, आपटल्याचा आवाज आणि बुडबुडे म्हणजे बाकीच्यांना इशारा असं दुसरं. मला तर दोन्ही पटतं.

मोगरा_७: कल्पिटियाला मुलांना नेलं तर चालेल का? धाकटा सहा वर्षांचा आहे, गाडीतही उलट्या करतो.

खारावारा: डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, लाइफ जॅकेट त्याच्या मापाचं आहे का ते आदल्या दिवशीच बघा, आणि बोटीत मागच्या बाजूला बसा, पुढे फार आदळतं.