मदत हवी आहे: रूम सोडून हॉस्टेल घेऊ का? उद्या ५ पर्यंत सांगायचंय

मांजराकाठ
उद्या संध्याकाळी ५ च्या आत पैसे भरले नाहीत तर सीट दुसऱ्याला देणार म्हणायलेत. रूमवाले काका डिपॉझिट परत देत नाही म्हणतात. मेसचे या महिन्याचे पैसे आधीच भरून बसलोय. पप्पा म्हणाले तुझं तू बघ, पण दोन्हीकडचं भाडं भरणं जमणार नाही. काय करू? लवकर सांगा.

कर्वेरस्ता
शहर कोणतं? शिकतोस काय? हॉस्टेल कॉलेजचं की खासगी? डिपॉझिट किती, आणि करार झालाय का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

वाफाळता_चहा
मेसचं आधी बघ. खाडा धरतात का? मी तीन वर्षं मेसचं जेवलोय. गावी जाताना आदल्या दिवशी सांगितलं की सलग दोन दिवसांच्या पुढचा खाडा धरायचे, तेवढे दिवस पुढच्या महिन्यात मिळायचे. सोडून जातोयस तर उरलेल्या दिवसांचे पैसे माग. सगळे नाही दिले तरी काही ना काही सुटतं. आणि यापुढे महिन्याचे एकदम भरू नकोस, आधी चार दिवस ताटाचे पैसे देऊन खाऊन बघ.

मांजराकाठ
पुणे. इंजिनिअरिंग, पहिलं वर्ष. हॉस्टेल कॉलेजचंच आहे, एक मुलगा सोडून गेला म्हणून सीट निघाली. रूम सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, महिना ३,२००, डिपॉझिट ६,४००. करार काही नाही, काकांनी वहीत लिहून घेतलं. आता म्हणतात वर्षभर राहायचं ठरलं होतं. मी असं काही बोललो नव्हतो.

स्टँपपेपर
करार नाही ही तुझ्याइतकीच मालकाचीही अडचण आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ बघ. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकावर. तसा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. तेव्हा "वर्षभराचं ठरलं होतं" हे त्यांनी दाखवायचं आहे. डिपॉझिट ऑनलाइन दिलं होतंस की रोख?

मांजराकाठ
फोनवरून पाठवलं होतं, मेसेज आहे.

स्टँपपेपर
मग तो मेसेज जपून ठेव. भांडू नकोस. व्हॉट्सॲपवर सरळ लिही: अमुक तारखेला कॉट सोडतोय, डिपॉझिट इतकं दिलं होतं, भाडं कुठपर्यंत भरलंय, बाकी परत करावं. तोंडी बोलून उपयोग नाही.

स्वतःची_चूल
माझं मत वेगळं आहे. हॉस्टेल घेऊच नकोस. मी पहिल्या वर्षी हॉस्टेलला होतो, रात्री दोनपर्यंत दंगा, अभ्यास शून्य, दोन विषय राहिले. दुसऱ्या वर्षी तिघांनी मिळून फ्लॅट घेतला, खिचडी-भात शिकलो, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. सदाशिव पेठेत पावलापावलावर अभ्यासिका आहेत, तिथे सीट लाव.

जुना_वसतिगृहकर
चूल साहेब, तुमचं एक हॉस्टेल वाईट निघालं म्हणून सगळी वाईट होत नाहीत. मी विद्यार्थी सहाय्यक समितीत राहून शिकलो. १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली संस्था. तिथे कामं वाटलेली असायची, सकाळी उठावंच लागायचं. गावाकडनं आलेल्या पोराला पहिलं वर्ष चार पोरांत काढणं बरं. बाळा, पुढच्या वर्षासाठी समितीचा अर्ज वेळेवर भर, मुलाखत होते.

स्वतःची_चूल
समितीतली शिस्त आणि कॉलेजच्या हॉस्टेलचं वातावरण यांची तुलना करू नका. त्याला उद्या पैसे भरायचेत, पुढच्या वर्षीचं काय सांगताय?

सातबारा
वडिलांची शेती किती आहे? अल्पभूधारक असतील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर भर. त्यालाही राहण्याचा पुरावा लागतो. वहीत लिहिलेल्या कॉटचा पुरावा तू कुठून आणणार? हॉस्टेलचं पत्र मिळेल. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, तेही बघून घे. माझ्या पुतण्याचे पैसे मंजूर होऊन तेवढ्यासाठी अडकले होते.

ध्येयवेडा
भावा, सदाशिव पेठ सोडू नको. पहिल्या वर्षापासून राज्यसेवेची तयारी सुरू कर, पदवी होईपर्यंत पाया पक्का होतो. असं वातावरण महाराष्ट्रात दुसरीकडे नाही.

कर्वेरस्ता
त्याने ते विचारलेलं नाही.

गणितवाली
मी पहिल्या वर्षालाच शिकवते. तू सोडतोयस का, हे अजून कुठे लिहिलं नाहीस. भाडं परवडत नाही की दुसरं काही आहे? हजेरी किती आहे? पहिली चाचणी झाली असेल ना?

मांजराकाठ
मॅडम, चाचणीत एम-वनला, म्हणजे गणिताच्या पेपरला, ३० पैकी ६ आहेत. बारावीला गणितात ८१ होते. आमच्याकडं पुस्तक इंग्लिशमध्ये असलं तरी सर समजावून मराठीत सांगायचे. इथं सर इंग्लिशमध्ये लई फास्ट बोलायलेत, फळ्यावरचं उतरवून घेतो पण कळंना.

रूमवर आम्ही सहा जण. बाकीचे पाचही स्पर्धा परीक्षावाले, गावाकडच्या दादानं कॉट बघून दिली होती. माणसं चांगली आहेत, पण रात्री दोनपर्यंत लाईट चालू. टेबल नाही. ग्राफिक्सची म्हणजे ड्रॉइंगची शीट कॉटवर बोर्ड ठेवून काढतो, गादी दबली की टी-स्केअर सरकतो आणि रेषा तिरपी जाते. दोन शीट सरांनी परत केल्या. बस बदलून कॉलेजला जायला सव्वा तास लागतो, सव्वाआठचं लेक्चर आठवड्यातनं दोनदा तरी चुकतं. हजेरी ५८ टक्के. घरी यातलं काहीच सांगितलेलं नाही.

गणितवाली
मग हॉस्टेल घे. जागा बरी-वाईट असेल ते नंतर बघू. तुझा रोजचा अडीच तासांचा प्रवास वाचतो आणि पहिलं लेक्चर मिळतं, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे. ७५ टक्क्यांच्या खाली राहिलास तर डिफॉल्टर यादीत नाव लागेल आणि सबमिशनला फेऱ्या मारत बसशील.

गणिताचं सांगते. पार्शियल डेरिव्हेटिव्हमध्ये अडला असशील, पहिल्या वर्षाची बरीच मुलं तिथे अडतात. एक्सचा वर्ग गुणिले वाय असं असेल आणि एक्सने पार्शियल काढायचा असेल, तर वाय म्हणजे कुठला तरी आकडा आहे असं धर. वायच्या जागी ५ असता तर काय केलं असतंस? १० एक्स लिहिलं असतंस. तसंच इथे २ एक्स वाय. बारावीचं डेरिव्हेटिव्ह तुला येतं, तेच आहे. शब्द नवा आहे, रीत तीच. सहा मार्कांचा मुलगा डिसेंबरपर्यंत पास होतो, मी दर वर्षी बघते. उद्या सरांना लेक्चरनंतर गाठ आणि मराठीत विचार. पुण्यातल्या बहुतेक प्राध्यापकांना मराठी येतं, फक्त वर्गात परराज्यातली मुलं असतात म्हणून इंग्रजीत बोलावं लागतं.

मायबोलीप्रेमी
हाच तर मुद्दा आहे! मराठीतून शिकवायला हवं. २०२१ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये एका कॉलेजात कॉम्प्युटरची पदवी मराठीतून सुरू झाली आहे.

कर्वेरस्ता
आणि पुढे मुलाखत कोणत्या भाषेत देणार?

मायबोलीप्रेमी
समजलेलं असेल तर कोणत्याही भाषेत सांगता येतं. न समजता पाठ केलेलं इंग्रजीतही सांगता येत नाही.

गणितवाली
हा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या. मांजराकाठ, एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची मराठी पुस्तकं फुकट उतरवता येतात. आधी मराठीतलं पान वाच, मग तोच भाग इंग्रजीत. परीक्षेत इंग्रजी शब्दच लिहायचेत, म्हणून दोन्ही हवेत. आणि घरी सांग. गुण सांगायला जड जात असेल तर शीटचं सांग, टेबल नसल्याचं सांग.

वाफाळता_चहा
झोप येत नसेल, रडू येत असेल तर १४४१६ लाव. टेली-मानस, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. माझ्या बहिणीने लावला होता, तिला बरं वाटलं.

मांजराकाठ
काल रात्री मम्मीला सगळं सांगितलं. तिनं पप्पांना फोन दिला. पप्पा थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले सोयाबीनचे पैसे आलेत, पहिला हप्ता पाठवतो. आज तीन वाजता भरला. मेसवाल्या मावशींनी नऊ दिवसांचे परत दिले.

काकांना स्टँपपेपर दादांनी सांगितलं तसा मेसेज केला. त्यांचं म्हणणं, कॉटवर नवा मुलगा आला की लगेच डिपॉझिट देतो, तोपर्यंत नाही.

स्टँपपेपर
"लगेच देतो" हे लेखी आलंय ना? मग मुलगा तूच बघून दे. तुझ्याच रूमवरच्यांना विचार, त्यांच्या ओळखीत कोणी ना कोणी कॉट शोधत असतं.

ध्येयवेडा
सदाशिव पेठेत नेमकी कुठे आहे? माझा मावसभाऊ सोमवारी जालन्याहून येतोय, राज्यसेवेचीच तयारी करतोय. ३,२०० मध्ये लाईट बिल धरलंय का?

मांजराकाठ
हो, लाईट-पाणी धरून. पाणी सकाळी सहा ते आठच येतं, बादली भरून ठेवावी लागते. खिडकीजवळची कॉट आहे. व्यनि (खासगी मेसेज) केलाय.