बॅटऱ्या फोडलेल्या जागेशेजारी मेथी लावावी का?

वावरवाला, यावल: बांधाला लागून भंगारवाल्यानं दोन वर्षं ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवलं. आता बंद आहे. विहिरीच्या पाण्यात शिसं मर्यादेत निघालं. काळी जमीन, सामू (पीएच) 8.2. मेथी, भरिताची वांगी लावली तर चालेल का? घरात तीन वर्षांचं पोरगं आहे.

माती-पाणी: विहिरीच्या तपासणीवर विसंबू नका भाऊ, ती चांगली निघणारच. शिसं खाली उतरत नाही, वरच्या चार बोटांत अडकतं. बॅटरीच्या प्लेटवर ते सल्फेट आणि ऑक्साइड असतं. चुनखडीच्या जमिनीत हळूहळू कार्बोनेट होतं. हे पाण्यात जवळपास विरघळत नाही, पण माती तोंडात गेली तर पोटातल्या आम्लात विरघळतं. गोम इथंच आहे.

ॲसिड ओतलेली जागा मात्र वेगळी तपासा. तिथं पांढरट खपली धरते, ती बहुतेक जिप्समची. ॲसिडनं मातीतला चुना संपला असेल तर शिसं सुटं होऊन खाली सरकतं.

नमुना बांधापासून 5, 20 आणि 50 मीटरवर घ्या. 0-5 आणि 5-15 सेंमी माती वेगळी ठेवा. 8-10 ठिकाणची मिसळून अर्धा किलो. नेहमीच्या माती परीक्षणातली डीटीपीए पद्धत फक्त पिकाला मिळणारा भाग मोजते, ती इथं कामाची नाही, 'एकूण शिसं' असं लिहून द्या. किलोला 10-40 मिलिग्रॅम साधारण नैसर्गिक. अमेरिकेनं 2024 मध्ये घराभोवतीच्या मातीसाठी 400 चा आकडा 200 वर आणला.

मळेकरी, रावेर: मेथी, पालक, कोथिंबीर नको. पानावर उडालेली माती कितीही धुतली तरी थोडी राहते. मुळा-गाजरही नको. वांग्यात शिसं मुळाशीच अडकतं, फळात फार कमी येतं. मातीतल्या शिशाचा आकडा कमी असेल तर धुऊन खा. जास्त असेल तर कपाशी बरी. सुपर फॉस्फेटनं शिसं बांधलं जातं हे खरं, पण जुन्या प्लेटमध्ये आर्सेनिक असतं आणि फॉस्फेट तेच मोकळं करतं. उगाच पोती ओतू नका.

वावरवाला, यावल: पोराला कॅल्शियम सुरू करू?

बालआरोग्य: आधी रक्तातलं शिसं तपासा, सोबत हिमोग्लोबिन. लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढतं. डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतं ते शोधून थांबवायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिसं बाहेर काढायची औषधं साधारण 45 च्या पुढे. तोवर वावरातल्या चपला ओट्याखाली, घरात झाडण्याऐवजी ओलं पुसणं, जेवणाआधी साबणानं हात. बोट टोचून आकडा जास्त आला तर शिरेतून परत करा, कधी बोटावरची मातीच मोजली जाते.