मदत हवी आहे: ‘भाड्याची टीम’ आणि वेळकाढूपणा, मित्राला काय उत्तर देऊ?

डावी_बगल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न फुटबॉलचा आहे, पण त्यापायी एक जुनी मैत्री ताणली गेलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शाळेपासूनचा मित्र. १९९८ च्या विश्वचषकापासून प्रत्येक मोठी स्पर्धा आम्ही एकत्र बघत आलोय. चार दिवसांपूर्वी २०२२ च्या विश्वचषकातला मोरोक्को-पोर्तुगाल सामना पुन्हा लावला होता. मोरोक्कोच्या एन-नेसिरीने कीपरच्याही वर उडी घेऊन डोक्याने गोल केला, मी नेहमीसारखा उठून उभा राहिलो आणि हा म्हणाला, "भाड्याची टीम आहे ही. आता बघ, उरलेला वेळ नुसता वेळकाढूपणा." तिथून जे पेटलं ते दोन तास चाललं. शेवटी तो काही न बोलता उठून गेला. चार दिवस झाले, मेसेजला उत्तर नाही.

त्याचं म्हणणं असं. मोरोक्कोच्या २६ जणांपैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले. हकिमी माद्रिदचा, झियेश आणि अमराबात नेदरलँड्सचे, गोलरक्षक बुनू कॅनडात जन्मलेला, कोच रेग्रागुईसुद्धा फ्रान्समध्ये जन्मलेला. मग "विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठणारा आफ्रिकेचा पहिला संघ" म्हणून एवढा आनंद कसला? युरोपने घडवलेली पोरं युरोपलाच हरवतायत, असं तो म्हणतो. आणि पुढे असताना मैदानावर लोळणं, थ्रो-इनला चेंडू पुसत बसणं ही त्याच्या लेखी सरळ फसवणूक आहे, त्यावर सामना थांबवून घड्याळ मागे फिरवलं पाहिजे.

आकडा बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. पण ‘भाड्याची’ हा शब्द मला फार लागला. त्यांच्यातल्या बुफालची आई मैदानात उतरून त्याच्यासोबत नाचली होती, ते मी कधी विसरणार नाही.

माझे प्रश्न:
नियमाप्रमाणे कोण कुठल्या देशाकडून खेळू शकतो? एकदा एका देशाची जर्सी घातली की संपलं, हे खरं का?
वेळकाढूपणावर पंच नेमकं काय करू शकतो?

आणि एक कबुली. आवडती टीम पुढे असली की कॉर्नरच्या झेंड्यापाशी चेंडू दाबून धरणं मला हुशारी वाटते, समोरच्याने केलं की चीड येते. मित्राने हेच तोंडावर सुनावलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यामुळे मीच चुकत असेन तर तसंही स्पष्ट सांगा.

जुना_स्टॉपर

आधी ‘भाड्याची’ या शब्दाबद्दल. फिफाला, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेला, नुसता पासपोर्ट पुरत नाही. पासपोर्ट तर हवाच, शिवाय खेळाडूचा स्वतःचा जन्म त्या देशातला, किंवा आई-वडिलांपैकी कोणाचा, किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा, नाहीतर त्या देशात काही वर्षं सलग राहिलेला. प्रौढपणी तिथे गेलेल्याला पाच वर्षं लागतात. म्हणजे पैसे मोजून आज नागरिकत्व दिलं आणि उद्या मैदानात उतरवलं, असं करता येत नाही. हकिमीचे आई-वडील मोरोक्कोतून स्पेनला गेलेले. घरी जी भाषा, जी माणसं, त्या देशाकडून तो खेळला. यात भाडं कुठून आलं? झियेशला तर नेदरलँड्सच्या मुख्य संघाचं बोलावणं २०१५ मध्ये आलेलं होतं, तरी त्याने मोरोक्को निवडला.

‘एकदा जर्सी घातली की संपलं’ हे अर्धंच खरं. मैत्रीपूर्ण सामन्याने खेळाडू कायमचा बांधला जात नाही. दिएगो कोस्टा २०१३ मध्ये ब्राझीलकडून दोन मैत्रीपूर्ण सामने खेळला आणि २०१४ चा विश्वचषक स्पेनकडून. इन्याकी विल्यम्सने स्पेनकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळून नंतर घाना निवडला. २०२२ ला तो घानाच्या संघात होता आणि सख्खा भाऊ निको स्पेनच्या.

अधिकृत स्पर्धेचा सामना मात्र पूर्वी कायमचं कुलूप होता. त्यात मुनीर अल हद्दादी अडकला. २०१४ मध्ये, १९ वर्षांचा असताना, तो युरोच्या (युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या) पात्रता फेरीत मॅसिडोनियाविरुद्ध स्पेनकडून शेवटची १३ मिनिटं खेळला. नंतर स्पेनने त्याला परत घेतलंच नाही. २०१८ च्या विश्वचषकाआधी मोरोक्कोकडून खेळायला मिळावं म्हणून तो क्रीडा लवादापर्यंत गेला, तिथेही हरला. तेरा मिनिटांसाठी माणूस कुठल्याच देशाचा उरला नव्हता! २०२० मध्ये फिफाने नियम सैल केला. २१ वर्षांचा होण्याआधी जास्तीत जास्त तीन अधिकृत सामने, मध्ये तीन वर्षं गेलेली, आणि विश्वचषकाच्या किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेत खेळलेला नसावा, अशा अटींवर देश बदलता येतो. त्यानंतर मुनीर मोरोक्कोकडून खेळला. मला हा बदल माणुसकीचा वाटतो.

अर्धवर्तुळ

मित्राला इतिहासही सांगा. हे आजचं नाही. लुइस मोंती १९३० ची विश्वचषक फायनल अर्जेंटिनाकडून खेळला आणि १९३४ ची इटलीकडून. दोन वेगळ्या देशांकडून फायनल खेळलेला तो एकटाच. त्याच १९३४ च्या फायनलमध्ये इटलीचा बरोबरीचा गोल करणारा ओर्सीही अर्जेंटिनात जन्मलेला. पुश्काश १९५४ ला हंगेरीकडून आणि १९६२ ला स्पेनकडून विश्वचषकात उतरला. इटली किंवा स्पेनला कोणी भाड्याची टीम म्हणताना मी तरी ऐकलं नाही. हा शब्द नेमका मोरोक्कोच्या वाट्याला का येतो, हे मित्राला शांतपणे विचारा.

पण त्याचा एक मुद्दा मी सोडणार नाही. अकादमी, मैदानं, लहानपणापासूनचं प्रशिक्षण हा खर्च एका देशाने केला आणि फळ दुसऱ्याला मिळालं, हे खरंच आहे. फक्त ते उलटंही घडतं. एम्बोलो कॅमेरूनमधल्या याउंदेत जन्मला, स्वित्झर्लंडमध्ये वाढला. २०२२ ला त्याने स्वित्झर्लंडकडून कॅमेरूनविरुद्ध सामन्यातला एकमेव गोल केला आणि दोन्ही हात वर करून नुसता उभा राहिला, आनंद साजरा केला नाही. जन्मभूमीबद्दल एवढा आदर भाडोत्री माणसाला नसतो.

घरातल्या घरात काय होत असेल बघा. २०१० मध्ये बोआटेंग बंधू विश्वचषकात समोरासमोर आले, जेरोम जर्मनीकडून, केविन-प्रिन्स घानाकडून, दोघांचाही जन्म बर्लिनचा. २०१६ च्या युरोत झाका बंधू, ग्रानिट स्वित्झर्लंडचा आणि तौलांत अल्बानियाचा. त्यांची आई दोन्ही देशांच्या जर्सी अर्ध्या अर्ध्या जोडून प्रेक्षकांत बसली होती. तिला विचारा, यातला आपला कोण आणि परका कोण.

शिट्टी

मी हौशी स्पर्धांत पंच म्हणून उभा राहतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो.

धागाकर्ते, तुम्ही आणि तुमचा मित्र तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरताय.

पहिली, चेंडू खेळात ठेवून वेळ घालवणं. झेंड्यापाशी चेंडू अंगाआड धरणं, बचावफळीत पास फिरवत बसणं. याला नियमात शिक्षा नाही. २०१८ च्या विश्वचषकात जपान पोलंडविरुद्ध ०-१ ने मागे होता, पण तिकडे सेनेगल कोलंबियाकडून हरत होता. जपान आणि सेनेगल गुणांत, गोलांत, सगळ्यात बरोबरीत. जपानची पिवळी कार्डं चार, सेनेगलची सहा, आणि कमी कार्डांवर जपान वरचढ ठरत होता. म्हणून जपानने शेवटची दहाएक मिनिटं आपल्याच अर्ध्यात चेंडू फिरवला आणि पुढे गेला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, पण पंच काय करणार? सेनेगलने एक गोल केला असता तर जपान घरी गेला असता, म्हणजे तो डावही जोखमीचाच होता. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधल्या हिहोनमध्ये पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाने केलं ते याहून वाईट. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला, त्या निकालावर दोघंही पुढे जात होते, मग उरलेला वेळ कोणी कोणाला त्रास दिलाच नाही. अल्जीरिया आदल्याच दिवशी आपले सामने संपवून बसला होता, तो बाहेर. तक्रार फेटाळली गेली, कारण नियम मोडलेलाच नव्हता. पण १९८६ पासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होतात ते त्या दिवसामुळे. अशी गोष्ट बंद करायची तर शिट्टी पुरत नाही, स्पर्धेची रचनाच बदलावी लागते.

दुसरी, चेंडू थांबलेला असताना उशीर लावणं. थ्रो-इन, गोलकिक, फ्री-किकला चेंडू लाथाडून लांब घालवणं. इथे माझ्याकडे पिवळं कार्ड आहे आणि गेलेला वेळ मी पुढे धरतो. घड्याळ मागे फिरवत नाहीत. चौथा पंच फळीवर दाखवतो तो कमीत कमी वाढीव वेळ असतो, त्यात भर पडू शकते, कपात नाही. गोलनंतरचा जल्लोष, बदली खेळाडू, दुखापत, व्हीएआर (पंचाचा निर्णय व्हिडिओवर तपासणं), सगळं मोजलं जातं. २०२२ ला हे काटेकोर मोजायचं ठरलं, म्हणून सामने एवढे लांबले. नेदरलँड्सने अर्जेंटिनाविरुद्ध बरोबरी साधली ती ९० नंतरच्या अकराव्या मिनिटाला. लांबलेला प्रत्येक सामना वेळकाढूपणामुळेच लांबतो असंही नाही. इंग्लंड-इराणच्या पहिल्या अर्ध्यात १४ मिनिटं वाढली ती इराणच्या कीपरच्या डोक्याला खरोखर मार लागल्यामुळे.

कीपरचं तर सगळ्यात जुनं दुखणं. १९९२ पर्यंत सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू तो हातात उचलू शकत होता. पुढे असलेला संघ मागे पास, उचल, सोड, पुन्हा पास, एवढंच करत बसायचा. बॅकपासच्या नियमाने ते थांबलं. मग हातात चेंडू धरायला सहा सेकंद ठरवले, पण शिक्षा अप्रत्यक्ष फ्री-किक आणि तीही गोलच्या तोंडाशी. एवढी मोठी शिक्षा द्यायला हात धजावत नसे, हे मी स्वतः अनुभवलंय. २०२५ पासून आठ सेकंद आणि शिक्षा कॉर्नरची. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. शिक्षा हलकी झाली म्हणून ती प्रत्यक्षात देता येते. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतला हा सगळ्यात शहाणा बदल.

तिसरी, खोटी दुखापत. फसवणूक म्हणायची तर याला म्हणा. पण पोटरीत खरोखर गोळा आलाय की नाही, हे दहा हातांवरून मला कळत नाही, आणि चुकून खऱ्या जखमी मुलाला उठवून पळायला लावण्यापेक्षा फसवलं गेलेलं परवडलं.

डावी_बगल (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. शिट्टी, तुमच्या तीन गोष्टी वाचल्यावर आमचं भांडण कुठे अडकलं होतं ते कळलं. मी पहिलीची बाजू घेत होतो, तो तिसरीवर चिडला होता, आणि दोघं शब्द एकच वापरत होतो. आणि माझी ती कबुली: झेंड्यापाशी चेंडू धरणं मला पटत असेल तर समोरच्याचंही पटवून घ्यायला हवं. ते त्याच्यापाशी मान्य करणार आहे.

अर्धवर्तुळ, झाका बंधूंच्या आईचा फोटो शोधून आज दुपारी मित्राला पाठवला. सोबत एकच ओळ लिहिली की अकादमीच्या खर्चाचा तुझा मुद्दा बरोबर आहे. तासाभरात उत्तर आलं. ‘भाड्याची’ हा शब्द त्याने मागे घेतला. वेळकाढूपणावर मात्र हटलेला नाही आणि एक प्रश्न धाडलाय, तो जसाच्या तसा देतो: "मैदानावर उपचार घेतले की खेळाडूला बाहेर जावं लागतं. मग कीपर लोळतो तेव्हा त्याला का नाही? तेवढ्यात सगळा संघ कोचपाशी जाऊन सूचना घेऊन येतो."

शिट्टी

तुमच्या मित्राने बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. कीपरला त्या नियमातून सूट आहे, कारण तो बाहेर गेला तर गोल उघडा पडतो. आणखीही सवलती आहेत, म्हणजे एकाच संघातले दोघं एकमेकांवर आदळले तर, किंवा ज्या फाउलने लागलं त्याला कार्ड दिलं गेलं तर. पण आडमार्गाने टाइमआउट घ्यायला कीपरचीच सूट वापरली जाते. मी त्या वेळी एवढंच करतो: बाकीच्या खेळाडूंना कडेला जमू देत नाही, आणि कीपर खाली बसल्यापासूनचा प्रत्येक सेकंद वेगळ्या घड्याळावर धरतो. त्यांना म्हणावं, धाग्यावर या, बाकीचं थेट बोलू.