जुनी गाडी: डिझेल स्विफ्ट की सीएनजी वॅगन आर?

अमळनेरकर_गुरुजी
नमस्कार मंडळी. राहायला अमळनेरला, शाळा पारोळ्याच्या बाजूच्या खेड्यात. रोजचं मोटारसायकलवर भागतं, पण आईला दर महिन्याला जळगावला डॉक्टरकडे न्यावं लागतं आणि मे महिन्यात तिला एसटीत बसवायची हिंमत होत नाही. शिवाय लग्नसराई, चैत्रात वणी. म्हणजे महिन्याला पाचशे-सहाशे किलोमीटर धरा.

दोन गाड्या बघून ठेवल्यात, दोन्ही एमएच-१९.
१) स्विफ्ट व्हीडीआय, २०१३, मीटरवर १ लाख १८ हजार, दुसरा मालक, ३ लाख १५ हजार सांगतो.
२) वॅगन आर एलएक्सआय, कंपनीची सीएनजी, २०१५, ७२ हजार किलोमीटर, पहिलाच मालक, २ लाख ९०.

शालक म्हणतो, डिझेल दणकट, डोळे मिटून घ्या. मला घेण्यापेक्षा नंतरच्या खर्चाची धास्ती आहे. घर-हप्ता चालू आहे.

तापीकाठ
गुरुजी, मना भाऊनी स्विफ्ट डिझेल शे. गाडी पळाले एक नंबर. पन इंजेक्टरनं काम निंघनं ते पगार तथाच गया समजा.

शेडवाला_भुसावळ
गुरुजी, मी रेल्वेत फिटर होतो, आता घरी बसून गल्लीतल्या पोरांच्या गाड्या तपासून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो.

शालकबुवांचं म्हणणं अर्धं बरोबर. ते १२४८ सीसीचं इंजिन मुळात फियाटचं, खरंच दणकट. पण दणकट कोणासाठी? रोज शंभर-दीडशे किलोमीटर एका दमात तोडणाऱ्यासाठी. तुमच्यासारखं थोडं-थोडं, गावातल्या गावात चालवलं की ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारी झडप) आणि टर्बोत काजळी धरते, गाडी ओढ सोडते. मग क्लच. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून दहा-बारा हजार सहज जातात. सव्वा लाखाच्या आसपास क्लच बदललेला नसेल तर तो खर्च तुमच्याच नावावर लिहिलेला आहे.

पण आपल्याकडे गाडी मरते ती याने नाही. उष्णतेने मरते. भुसावळला ४५ अंश म्हणजे काही बातमी नसते. त्यात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) कमी झालं की लोक सरळ बोअरचं पाणी ओततात. ते जड पाणी रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतं. वरून एखादा मिस्त्री "गरम होते ना, थर्मोस्टॅट काढून टाकू" म्हणतो आणि ती कूलंटची वाट उघड-बंद करणारी झडप काढतोही. उन्हाळा निघतो, पण हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही, इंधन जास्त खातं. बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, नुसता लाल दिवा. तो लागेपर्यंत हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) उडालेलं असतं, आणि ते काम वीस हजारांच्या आत उरकलं तर नशीब.

म्हणून सकाळी जा, मालकाने गाडी सुरू करायच्या आधी. थंड इंजिनवर रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. आत हिरवं-लाल स्वच्छ कूलंट दिसलं तर ठीक. गंजाचं पाणी किंवा कडेला पांढरा थर दिसला तर किंमत पाडा, नाहीतर घरी या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय असेल, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं असेल, तर बोलणीच नको. मग गाडी सुरू करून एसी फुल, जागेवर पंधरा मिनिटं, शक्य तर दुपारच्या उन्हात. पंखा आपोआप लागतो-बंद होतो का, एसीची हवा मधेच कोमट होते का, ते बघा.

७२ हजारांवरही डोळे मिटून विश्वास नको. पेडलचं रबर, स्टीअरिंगची झीज बघा, आणि सीटबेल्ट पूर्ण ओढा, खाली तारखेची पट्टी असते. बेल्ट गाडीपेक्षा नवा निघाला तर अपघाताची गोष्ट विचारा.

देवपूर_धुळे
डिझेलला उगाच बदनाम करू नका राव. माझी २०१४ ची आहे, धंद्यामुळे धुळे-सुरत सारखं चालू असतं. ऑइल वेळेवर, बस. खर्च झाला तो खालचा: लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकॲब्सॉर्बर. तो रस्त्यांचा खर्च, इंजिनचा नाही.
पण महिन्याला सहाशे किलोमीटरला मी पण डिझेल घेणार नाही, खरं सांगायचं तर. शिवाय २०१३ ची म्हणजे २०२८ ला पंधरा वर्षं भरतात. पुन्हा नोंदणीची फी कारला ५००० आणि वरून पर्यावरण कर. वॅगन आरला २०३० पर्यंत श्वास आहे.

अमळनेरकर_गुरुजी
काका, धन्यवाद. शालकाला वाचून दाखवलं, तो गप्प आहे. म्हणजे वॅगन आर. पण सीएनजीचं मला काही कळत नाही. आणि विम्याचं? मालक म्हणतो, माझा विमा चालू आहे, हप्ता फार कमी बसतो.

शेडवाला_भुसावळ
त्याचा हप्ता कमी बसतो कारण त्याचा नो क्लेम बोनस आहे, म्हणजे भरपाई न मागितल्याची सूट. तो बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. तुम्हाला हप्ता पूर्ण भरावा लागेल. नुसत्या थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्याचा, हिशेब सांगतो: १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, त्यावर १५०० पर्यंत ३४१६, जीएसटी वेगळा. वॅगन आर ९९८ सीसीची, स्विफ्ट १२४८ ची. दर वर्षी फरक पडतो. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमाही नावावर करायला टाका.

सीएनजीच्या टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) असते. २०१५ ची गाडी म्हणजे २०१८, २०२१, २०२४ अशा तीन झालेल्या हव्यात. शेवटचा दाखला हातात घेऊन टाकीवरचा नंबर जुळवा. दाखला नसेल तर पंपावर गॅस भरायला नकार मिळू शकतो. आरसीवर सीएनजी लिहिलेलं आहे ना तेही बघा.

गाडी पेट्रोलवर सुरू करून गॅसवर टाका आणि चढ घ्या. तिथे झटके दिले तर प्लग किंवा कॉइल, हजार-दोन हजारांचं काम, घाबरू नका. एलएक्सआयला १३ इंची टायर, चारही मिळून चौदा-पंधरा हजार. टायरवर चार आकडी शिक्का असतो, शेवटचे दोन आकडे वर्षाचे.

डिकीत टाकी आहे, म्हणजे वणीला सामान मांडीवर. आणि सात जणांना कोंबून नांदुरीचा घाट चढवू नका, आपल्याकडे गाडी घेतली की ती भावकीची होते म्हणून सांगतो.

अमळनेरकर_गुरुजी
रविवारी सकाळी सातला बघायला जातो. मालकाला फोन केला, "गाडी चालू करून ठेवतो" म्हणाला. मी म्हटलं, नको.

तापीकाठ
गुरुजी, दोन लाख सत्तरपासून बोलनं सुरू करजात.