जुन्या लॅपटॉपवर लिनक्स : अर्ध्या तासाचे काम?

कळफलक :
‘विंडोज १० चे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आता जुना लॅपटॉप भंगारात देणे हा करंटेपणा आहे, लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत कार्यप्रणाली) टाका, अर्ध्या तासाचे काम आहे,’ हा या मंचावरचा सल्ला वाचून राहवले नाही. बसवायला अर्धा तास लागतो हे खरे, पण पुढचे तीन रविवार कोणी मोजायचे? वडिलांच्या दहा वर्षे जुन्या लॅपटॉपवर मिंट बसले, मात्र वाय-फाय दिसेना. कारण वाय-फाय कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, इंटरनेटवरून उतरवायचा होता आणि इंटरनेटसाठी आधी ड्रायव्हर हवा होता. तो गुंता सुटल्यावर वडिलांनी जुन्या मराठी फॉन्टात टंकलेली सोसायटीची इतिवृत्ते उघडली आणि ‘अध्यक्ष’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे व डॉलरची चिन्हे पाहून ‘माझी वीस वर्षे पुसलीस’ म्हणाले.

उंबरठा :
दोष घाईचा आहे, लिनक्सचा नाही. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहण्याची सोय त्यासाठीच असते, आणि केबल लावून मोबाइलचे इंटरनेट दिले असते तर ड्रायव्हर पाच मिनिटांत उतरला असता. माझा लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा असल्यामुळे, आठव्या पिढीची अट घालणाऱ्या विंडोज ११ ने त्याला दारातूनच परत पाठवले. मी हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी घातली, मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बसवली आणि मुलगी ४ जीबी रॅमवर सगळा अभ्यास करते. इतिवृत्तांचे म्हणाल, तर जुना फॉन्ट विंडोजमधून उचलून लिनक्सच्या फॉन्ट-फोल्डरमध्ये ठेवा, अक्षरे परत दिसतील.

जुनापानी :
दिसतील, पण नवे इतिवृत्त लिहिणार कशात? त्या फॉन्टांत लिहिण्याचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच केलेले असते. मी छापखान्यात आयुष्य काढले आहे म्हणून सांगतो, खरा गुन्हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणारी पद्धत, आल्यावरही आपापल्या संकेतांचे फॉन्ट विकत राहणाऱ्यांचा आहे. एका फॉन्टातला ‘क’ दुसऱ्यात भलतेच अक्षर होऊन बसतो. त्यापायी आम्हाला एक अख्खी स्मरणिका नव्याने टंकावी लागली आणि त्याचे पैसे कोणी दिले नाहीत.

उंबरठा :
मग युनिकोडकडे वळा की. इनस्क्रिप्ट, म्हणजे युनिकोडात टंकण्याची कळांची मराठी मांडणी, मिंटमध्ये आयतेच मिळते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

जुनापानी :
‘आयते’ म्हणणाऱ्याने टंकयंत्रावर बोटे बसलेल्या बहात्तर वर्षांच्या माणसाला एकदा इनस्क्रिप्टवर ‘ज्ञ’ शोधायला बसवावे आणि शेजारी थांबून पाहावे. तुमची मुलगी शिकेल हो. तिच्या बोटांना जुनी सवय कुठे आहे?

उंबरठा :
प्रश्न लॅपटॉपचा होता, आपण छापखान्याचा हिशेब मांडत आहात.

कळफलक :
त्यांचा हिशेब हाच माझ्या घरातला प्रश्न आहे. मोबाइलच्या केबलचे मान्य, ते मला सुचले नाही, आणि फॉन्ट-फोल्डरचा उपाय आज करून पाहिला तर ‘अध्यक्ष’ खरोखरच परत आले. तरीही नवे इतिवृत्त वडिलांनी वहीत हाताने लिहिले आहे. यापुढे ‘अर्ध्या तासाचे काम’ असे लिहिणाऱ्याने ते टंकून द्यायला आमच्याकडे यावे. चहा आम्ही देऊ.